चालत्या हृदयावर : प्रस्तावना

प्रस्तुत पुस्तकाचा विषय असा आहे की, त्याचे नुसते नाव काढले तरी ऐकणाऱ्याचा हात नकळत स्वतःच्या छातीकडे जातो. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या ज्या रोहिण्या, त्यांच्यात अडथळा उत्पन्न झाला असता शरीरातलीच दुसरी एखादी रक्तवाहिनी घेऊन अडथळ्याच्या पलीकडे रक्ताला वाट करून द्यायची, आणि हे सारे हृदयाची गती क्षणभरही न थांबविता करायचे, हा उद्योग आज आपल्या मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत नित्याचा झालेला आहे. इतका की, तालुक्याच्या गावी चहाच्या दुकानातही ‘त्यांचं बीटिंग हार्ट केलं’ हे वाक्य कानी पडते आणि कोणाला त्याचे विशेष वाटत नाही. परंतु नित्याची झालेली गोष्ट समजलेली असतेच असे नाही. रुग्णांच्या नातलगांत या शस्त्रक्रियेविषयी जे समज रूढ आहेत, त्यांतला सर्वांत बळकट समज असा की, हृदय थांबवून करावयाची बायपास ही जुनी पद्धत, न थांबविता करावयाची ती नवी, आणि नवी म्हणून अर्थातच अधिक चांगली. या समजाचा पूर्वार्ध इतिहासाला सोडून आहे आणि उत्तरार्धाला पुराव्याचा पाठिंबा तोकडा आहे, एवढे दाखविणे हाच माझ्या मते या प्रस्तावनेचा उपयोग. बाकीचे काम ग्रंथकर्त्यांनी, जे स्वतः निष्णात शल्यविशारद आहेत, पुढे विस्ताराने केलेलेच आहे.

मनुष्याच्या हृदयाला टाके घालून त्याला वाचविल्याची पहिली ख्यातनाम हकीकत चालत्या हृदयाचीच आहे. सन १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात फ्रँकफुर्ट शहरी लुडविग रेन या जर्मन शल्यविशारदाने, सुरा लागून मरणासन्न झालेल्या एका तरुणाची छाती उघडली. हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्याला पडलेल्या भोकातून रक्त वाहत होते, हृदय थांबवून मागाहून पुन्हा चालू करण्याचे कोणतेही साधन त्या काळी जगात नव्हते, आणि म्हणून हृदय शिथिल होऊन फुगते तेवढ्या निमिषातच सुई चालवायची, या बेताने रेन यांनी तीन रेशमी टाके घालून ती जखम बंद केली. रोगी वाचला. गंमत अशी की, त्याच साली इंग्लंडात स्टीफन पॅजेट यांनी छातीच्या शस्त्रक्रियांवरील आपल्या ग्रंथात, हृदय ही निसर्गानेच शल्यविद्येला घालून दिलेली शीव असून तिच्यापलीकडे कोणतीही नवी युक्ती जाऊ शकणार नाही, असा निर्वाळा देऊन टाकला होता. पुढे १९२५ मध्ये लंडनमध्येच हेन्री सूटर यांनी चालत्या हृदयात बोट घालून आकसलेली झडप मोकळी केली. १९४८ नंतर चार्ल्स बेली, ड्वाइट हार्केन आदींनी ती क्रिया अमेरिकेत रूढ केली. आणि ऱ्हुमॅटिक तापाने झडपा बिघडलेले असंख्य तरुण रुग्ण ज्या देशात होते त्या आपल्या देशात तर हृदयशल्यशास्त्राचा आरंभीचा बराचसा कारभार याच शस्त्रक्रियेवर चालला. निश्चल हृदयावर काम करणे ही सोय त्यामानाने पुष्कळ मागाहून आलेली.

हृदयाच्या रचनेविषयी येथे दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त जे इंद्रिय साऱ्या शरीराला वाटते, त्याच्या स्वतःच्या जाड स्नायूला मात्र कप्प्यांतून वाहणाऱ्या त्या रक्ताचा जवळजवळ काही उपयोग होत नाही. खजिन्याच्या किल्ल्या कमरेला असलेल्या खजिनदारालाही आपला पगार रीतसर बिल मंजूर होऊनच मिळावा, तसा हा प्रकार आहे. महारोहिणी हृदयातून निघते न निघते तोच तिला दोन शाखा फुटतात, त्या हृद्‌रोहिण्या. त्यांतली डावी लगेच दुभंगते, आणि तिचा जो फाटा हृदयाच्या पुढल्या अंगाने खाली टोकाकडे जातो, तो डाव्या कप्प्याच्या फार मोठ्या भागाचा पोशिंदा असल्यामुळे तो तुंबला की माणसाच्या आयुष्याचीच शाश्वती राहत नाही. आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. डाव्या कप्प्याच्या स्नायूला रक्त मिळते ते मुख्यतः हृदय शिथिल असताना, कारण आकुंचनाच्या वेळी स्नायू आपल्याच पोटातील वाहिन्या आवळून धरतो. दुसरी गोष्ट, या रोहिण्यांचे मुख्य फाटे स्नायूच्या आत खोल न जाता बहुधा पृष्ठभागावरून, चरबीच्या पातळ थराखालून धावतात. निसर्गाने ही एक मेहरबानी केली नसती तर या पुस्तकाचा विषयच अस्तित्वात आला नसता.

अडथळ्याच्या पलीकडे रक्ताला वाट करून देण्याची कल्पना कागदावर फार लवकर उतरली. फ्रेंच वंशाचे अलेक्सी कॅरेल, ज्यांना रक्तवाहिन्या शिवण्याच्या कलेबद्दल १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांनी १९१० मध्येच कुत्र्यांवर असे प्रयोग केल्याचे जाहीर केले होते. पण माणसात हे जमेना, म्हणून आडवळणाचे मार्ग शोधले गेले. मॉन्ट्रियलचे आर्थर व्हाइनबर्ग यांनी १९५० पासून छातीच्या भिंतीच्या आतून उतरणारी स्तनरोहिणी सोडवून तिचे मोकळे टोक सरळ हृदयाच्या स्नायूत बोगदा करून पुरण्यास सुरुवात केली, आणि आश्चर्य हे की काही रुग्णांत तिथे नवे संबंध जुळून आलेले पुढे दिसलेही.

या आडवळणांतले एक आपल्या मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयात काढले गेले, ही गोष्ट महाराष्ट्रात जितकी माहीत असावयास हवी तितकी माहीत नाही. डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या असे ध्यानी आले की, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयात स्नायूला बरेचसे रक्त कप्प्यातूनच थेट झिरपते. मग मनुष्याच्या हृदयाच्या भिंतीला सुईने आरपार सूक्ष्म छिद्रे पाडून तशीच व्यवस्था का करू नये? उडवाडिया, किणारे आणि परुळकर या सहकाऱ्यांसह त्यांनी या कल्पनेवरचा निबंध १९६५ मध्ये अमेरिकेतील वक्षशल्यशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. सुईने पाडलेली छिद्रे टिकत नाहीत असे पुढे ठरले, तरी हीच कल्पना दोन-अडीच दशकांनी लेसर किरणांचा वेष घेऊन पाश्चात्त्य देशांत नव्याने अवतरली. म्युनिसिपालिटीच्या रुग्णालयात, तुटपुंज्या सामग्रीनिशी, जगाच्या बरोबरीने विचार करणारी माणसे त्या काळी होती, याचा हा अस्सल दाखला आहे. आणि ग्रंथकर्त्यांनी त्याला एक संपूर्ण प्रकरण दिले, याबद्दल त्यांचे विशेष आभार मानले पाहिजेत.

दरम्यान, जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फिया येथे हृदय व फुप्फुसे या दोहोंचे काम काही काळ आपल्याकडे घेणारे यंत्र वापरून हृदयाच्या पडद्यातील भोक यशस्वीपणे बंद केले आणि शल्यविद्येचा नूरच पालटला. क्लीव्हलँडच्या मेसन सोन्स यांनी १९५८ मध्ये हृद्‌रोहिणीत थेट रंगद्रव्य सोडून तिचे चलच्चित्र घेण्याची रीत काढली, त्यामुळे अडथळा नेमका कोठे आहे हे जिवंत माणसात दिसू लागले. आणि सोन्स यांच्याच रुग्णालयात अर्जेंटिनाहून आलेल्या रेने फेव्हालोरो यांनी १९६७ च्या मे महिन्यात पायाची नीला काढून ती हृद्‌रोहिणीला जोडण्याच्या पद्धतीचा पाया घातला. पोटॅशियमयुक्त थंड द्रावणाने हृदय शिथिल अवस्थेत थांबवायचे, यंत्राने रक्त फिरवीत ठेवायचे, आणि निश्चल, रक्तहीन क्षेत्रावर निवांतपणे टाके घालायचे: या व्यवस्थेने असामान्य हाताची गरज उरली नाही, चांगला शिकलेला हात पुरेसा झाला. बायपासचा जगभर जो प्रसार झाला तो या यंत्राच्या जोरावर, हे यंत्राच्या टीकाकारांनीही नाकारू नये. त्याची किंमत मात्र मोजावी लागते. रक्त नळ्यांतून आणि कृत्रिम पृष्ठभागांवरून फिरताना खवळते, पातळ होते, गोठण्याची त्याची शक्ती बिघडते. आणि महारोहिणीला चिमटा लावताना तिच्या भिंतीवर वर्षानुवर्षे साठलेला चुनखडीसारखा थर कण होऊन सुटला, तर तो मेंदूकडे जाऊन पक्षाघात घडवू शकतो.

आता ज्या पुरुषाचे नाव या ग्रंथात पुनःपुन्हा येते त्याच्याकडे वळतो. फेव्हालोरोंच्या तीन वर्षे आधी, २५ फेब्रुवारी १९६४ रोजी, लेनिनग्राडच्या पहिल्या वैद्यकीय संस्थेत वासिली कोलेसोव्ह यांनी डाव्या बाजूने छाती उघडून स्तनरोहिणीचे टोक हृद्‌रोहिणीला टाक्यांनी जोडले. आणि तेही कोणतेही यंत्र न लावता, धडधडणाऱ्या हृदयावर. त्यांच्या आधी १९६० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉबर्ट गेट्झ यांनी धातूची बारीक कडी वापरून असाच एक जोड केला होता, पण सहकाऱ्यांनी इतकी टीका केली की त्यांनी ती क्रिया पुन्हा केली नाही. कोलेसोव्ह यांनी मात्र ती सोडली नाही. अनेक वर्षे जगात ही शस्त्रक्रिया नियमाने करणारे जवळजवळ ते एकटेच होते; १९६७ मध्ये त्यांचा निबंध अमेरिकेतही छापून आला. आणि मायदेशी? त्याच सुमारास सोव्हिएट हृदयवैद्यांच्या मंडळाने हृद्‌रोहिणीच्या विकारावर शस्त्रक्रियेने उपचार करण्याला काही भवितव्य नाही असा ठरावच केला. मला या ठरावाचा राग येत नाही. मंडळी बसली की ठराव होतातच, आणि त्यांत पुढच्या काळाविषयी खात्रीने बोलण्याची हौस कोणत्याही देशाच्या मंडळीत सारखीच असते. मला कौतुक वाटते ते कोलेसोव्ह यांच्या थंड चिकाटीचे. यंत्र न वापरणे ही त्यांची केवळ अडचण होती, असे त्यांचे निबंध वाचून वाटत नाही. हृदयाच्या पुढल्या भागावरच्या रोहिणीसाठी यंत्राचा खटाटोप अनावश्यक आहे अशी त्यांची बुद्धिपूर्वक धारणा होती. ते १९९२ मध्ये, सत्त्याऐंशी वर्षांचे होऊन वारले. त्यांच्या मार्गाला राजमान्यता मिळण्याची वेळ तेव्हा चारच वर्षांवर आली होती.

मधल्या काळात हा मार्ग जिवंत राहिला तो दक्षिण अमेरिकेत. ब्यूनोस आयरिसचे फेदेरिको बेनेत्ती आणि साओ पाउलोचे एनियो बुफोलो यांनी ऐंशीच्या दशकात शेकडो रुग्णांवर यंत्राविना बायपास केली. याचे कारण तात्त्विक कमी आणि आर्थिक अधिक होते: परदेशातून येणारी, एकदा वापरून टाकून द्यावयाची यंत्राची सामग्री त्या देशांना परवडत नव्हती. पण पैशाच्या टंचाईतून आलेली युक्ती श्रीमंत देशाने उचलावी तर तिला एखादे उपकरण चिकटावे लागते, आणि ते नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे कॉर्नेलियस बोर्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदीच्या मध्यात तयार केले. दोन बाहू, प्रत्येकाच्या पोटाशी ओळीने शोषणाऱ्या वाट्या; हे बाहू रोहिणीच्या दोन अंगांना टेकवून निर्वात केले की तेवढाच चतकोर भाग धरून ठेवला जातो आणि बाकीचे हृदय आपल्या गतीने चालत राहते. अष्टपाद प्राण्याच्या नावाने, म्हणजे ‘ऑक्टोपस’ म्हणून, ते बाजारात आले. तेव्हापासून ही जुनी क्रिया नवी म्हणून ओळखली जाऊ लागली, आणि लवकरच तिच्या जाहिरातीही झळकू लागल्या.

ही शस्त्रक्रिया प्रत्यक्षात कशी चालते हे ग्रंथकर्त्यांच्या अनुज्ञेने एकदा त्यांच्या शस्त्रक्रियागृहात उभे राहून पाहण्याचा योग मला आला, आणि त्यामुळे माझ्या पुस्तकी ज्ञानाला बराच आळा बसला. छातीचे हाड मधोमध कापून झाले होते. डावी स्तनरोहिणी भिंतीपासून सोडवून औषधात भिजविलेल्या तलम कापडात गुंडाळून ठेवली होती. पुढल्या रोहिणीचा जोड तुलनेने सोपा, तो प्रथम झाला. खरी परीक्षा होती ती मागल्या अंगाच्या रोहिणीची, कारण तिच्यापर्यंत जायचे तर हृदय उचलून त्याचे टोक छताकडे करावे लागते. ब्राझीलच्या रिकार्डो लिमा यांच्या नावाने ओळखला जाणारा एक खोल टाका हृदयाच्या वेष्टनाच्या मागल्या भागात घालून तो हळूहळू ताणला, टेबल डोक्याकडे झुकविले, उजवीकडे कलते केले, आणि हृदय, अक्षरशः चालत असलेले हृदय, उभे राहिले. दुसऱ्या मिनिटाला भूलतज्ज्ञ शांतपणे म्हणाले, ‘प्रेशर पडतंय.’ शल्यविशारदांनी ‘खाली ठेवतो’ एवढेच म्हणून हृदय जागेवर ठेवले आणि हात आवरून सगळे स्तब्ध उभे राहिले. पडद्यावरचा आकडा पूर्वपदावर आल्यावर पुन्हा सावकाश तोच क्रम. असे दोनदा झाले. या वाट पाहण्याला मी जे महत्त्व देतो आहे ते मुद्दाम देतो आहे. चालत्या हृदयावरच्या शस्त्रक्रियेत हात चालविण्याइतकेच हात आवरणे हेही कसब आहे, आणि भूलतज्ज्ञ हा येथे शल्यविशारदाचा बरोबरीचा भागीदार आहे.

मग ऑक्टोपसचे बाहू टेकले. त्यांच्यामधली दीड-दोन मिलिमीटर रुंदीची रोहिणी थोडीशी थरथरत राहिली, पण तिचे धावणे थांबले. बारीक पात्याने तिला उभा छेद दिला, त्यातून तांबडे रक्त उसळले, लगेच सिलिकोनची एक इवलीशी नळी दोन्ही टोके आत जातील अशी छेदात बसविली, म्हणजे जोड चालू असतानाही पुढच्या स्नायूला रक्त मिळत राहावे. मदतनिसाने कर्बद्विप्राणिद वायूचा आर्द्र फवारा धरून रक्त बाजूला सारले. केसाहून बारीक असा निळा धागा, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारी वाकडी सुई, आणि एकापुढे एक पडणारे टाके: बाहेरून आत, आतून बाहेर. शेवटचा टाका आवळण्याआधी ती नळी काढून घेतली. विसरून चालत नाही. कोपऱ्यात यंत्र आणि ते चालविणारे तंत्रज्ञ सज्ज बसून होते, नळ्या मात्र अजून कोरड्या होत्या. जोड पुरा झाल्यावर त्यातून मिनिटाला किती मिलिलिटर रक्त जाते हे मोजून आकडा मोठ्याने वाचला गेला, फळ्यावर लिहिला गेला, आणि मंडळी पुढच्या कामाला लागली.

आपल्या देशात बायपासची सुरुवात १९७५ मध्ये मद्रासेस, पेरांबूरच्या रेल्वे रुग्णालयात, डॉ. के. एम. चेरियन यांनी केली. यंत्राविना करण्याची पद्धत येथे नव्वदीच्या उत्तरार्धात आली आणि एवढी रुजली की, अमेरिकेत तिचे प्रमाण भरभराटीच्या काळातही एक-पंचमांशाच्या आसपासच घोटाळत राहिले असता भारतात ती अनेक केंद्रांची नेहमीची रीत होऊन बसली. याची कारणे पाहू जाता दक्षिण अमेरिकेतलेच कारण पुन्हा भेटते. ज्या समाजात उपचाराचा खर्च बहुतांशी रुग्णाच्या कुटुंबाच्या गाठीचा, तिथे एकदाच वापरावयाची महाग सामग्री वाचणे आणि रक्ताच्या बाटल्या कमी लागणे या क्षुल्लक बाबी नव्हेत. महाराष्ट्र सरकारने २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू केलेल्या आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणाऱ्या जनआरोग्य योजनेत बायपाससाठी ठराविक रक्कम मंजूर होते. तेवढ्यात भागवावयाचे म्हटले की काटकसरीची प्रत्येक वाट रुग्णालयाला मोहात पाडणारच. काटकसर वाईट नाही, परंतु ती रुग्णाला वैद्यकीय कारण म्हणून सांगितली जाऊ नये, एवढे माझे मत येथे नोंदवितो.

मोठ्यांच्या उदाहरणांनी पद्धतीची कीर्ती वाढली, हेही खरे. पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्यावर २४ जानेवारी २००९ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये दुसऱ्यांदा बायपास झाली, मुंबईचे डॉ. रमाकांत पांडा यांच्या नेतृत्वाखालील चमूने ती चालत्या हृदयावर केली, आणि पहिल्या शस्त्रक्रियेने आत सगळे एकमेकांस चिकटलेले असताना दुसऱ्यांदा हे करणे किती जिकिरीचे असते हे जाणणाऱ्यांनाच त्याचे मोल कळेल. जपानचे सम्राट अकिहितो यांच्यावर १८ फेब्रुवारी २०१२ रोजी टोकियोत याच पद्धतीने शस्त्रक्रिया झाली. पण सम्राटांना मिळतो तो हात सर्वांना मिळत नाही, आणि वादाचे सारे मूळ येथेच आहे.

पुराव्याचे मुख्य दस्तऐवज तीन. अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत २,२०३ रुग्णांवर झालेल्या ‘रूबी’ या चाचणीत पाच वर्षांअखेर यंत्राविना शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी १५.२ टक्के, तर यंत्रावर झालेल्यांपैकी ११.९ टक्के दगावलेले आढळले; जोडलेल्या वाहिन्याही यंत्राविना केलेल्यांत वर्षभरात अधिक बंद पडल्या होत्या. कॅनडाच्या पुढाकाराने १९ देशांत, भारतासह, ४,७५२ रुग्णांवर झालेल्या ‘कॉरोनरी’ चाचणीत यंत्राविना केलेल्यांना रक्त कमी द्यावे लागले आणि मूत्रपिंडाला तात्काळ होणारी इजा कमी झाली, तरी पाच वर्षांनी मृत्यू, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका आदींची गोळाबेरीज २३.१ आणि २३.६ टक्के, म्हणजे सारखीच. जर्मनीत पंचाहत्तरीच्या पुढच्या २,५३९ रुग्णांवर झालेल्या चाचणीतही दोहोंत ठळक फरक निघाला नाही. यंत्रामुळे स्मरणशक्ती मंदावते म्हणून ते टाळावे, ही जी मोठी आशा होती, तीही डच रुग्णांच्या पाच वर्षांच्या पाहणीत फोल ठरली.

पहिल्या दोन चाचण्यांचे निकाल असे निरनिराळे का, याची मीमांसा ग्रंथकर्त्यांनी बाराव्या प्रकरणात केली आहे आणि ती मला सर्वस्वी पटते. ‘रूबी’मध्ये भाग घेण्यास शल्यविशारदाने अशा किमान वीस शस्त्रक्रिया केलेल्या असल्या तरी चालत होते, ‘कॉरोनरी’त शंभरांहून अधिकांची अट होती. वीसच्या हाताने आणि शंभरच्या हाताने केलेल्या कामाला एकच नाव देऊन त्याची तुलना करणे म्हणजे हाताचा हिशेब पद्धतीच्या खात्यावर मांडणे होय. जिथे महारोहिणी चुन्याने कडक झालेली आहे आणि तिला चिमटा लावणे म्हणजे मेंदूशी जुगार खेळणे आहे, तिथे दोन्ही स्तनरोहिण्या वापरून, महारोहिणीला हातही न लावता केलेली चालत्या हृदयावरची बायपास ही निःसंशय वरचढ आहे. उलट हृदय मोठे, दुबळे, उचलताच कोलमडणारे असेल, किंवा रोहिणी स्नायूत खोल गाडलेली असेल, तर यंत्राची मदत न घेणे हा हट्ट ठरतो. मध्येच गडबडीने यंत्रावर जाण्याची पाळी आलेल्या रुग्णांची स्थिती आरंभापासून यंत्रावर घेतलेल्यांपेक्षा वाईट असते, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. म्हणून आधी ठरवणे, आणि वेळीच बेत बदलणे, या दोन गोष्टींत शल्यविशारदाची पारख होते.

ग्रंथकर्ते स्वतः यंत्राविना काम करणाऱ्यांपैकी आहेत आणि त्यांचा कल लपत नाही; नववे प्रकरण तर जवळजवळ वकिलाच्या कैफियतीसारखे झाले आहे. परंतु आपल्या हातून मध्येच यंत्रावर न्यावे लागलेले रुग्ण त्यांनी सातव्या प्रकरणात ज्या निःसंकोचपणे मांडले आहेत, तो निःसंकोचपणा आपल्याकडच्या वैद्यकीय लेखनात विरळा. माझी तक्रार एकच. शस्त्रक्रियेनंतरच्या आयुष्याला त्यांनी अवघी सहा पाने दिली आहेत. डाव्या स्तनरोहिणीचा जोड दहा वर्षांनीही नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांत वाहता असतो, पायाच्या नीलांचे जोड मात्र तेवढ्या काळात निम्म्याच्या आसपास बंद पडतात किंवा खराब होतात. आणि तंबाखू, मधुमेह व औषधांतली हयगय यांचा त्यात वाटा किती, हे सांगण्यास दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी एक स्वतंत्र प्रकरण खर्ची घालावे, अशी त्यांना विनंती आहे.

ज्या वाचकाच्या घरी आज-उद्या हा प्रसंग यावयाचा आहे, त्याने आपल्या शल्यविशारदाला ‘कोणती पद्धत चांगली’ असे न विचारता ‘तुम्ही रोज कोणत्या पद्धतीने करता, आणि आमच्या माणसाला तीच का’ असे विचारावे. मध्येच बेत बदलावा लागला तर यंत्र आणि ते चालविणारा माणूस खोलीत हजर असेल ना, हेही विचारावे. सरळ उत्तर देणारे डॉक्टर या प्रश्नांचा राग मानीत नाहीत. पुस्तक हाती घेतल्यावर त्याने सातवे व बारावे प्रकरण आधी वाचावे, कोलेसोव्ह आणि सेन यांच्या हकीकती रुग्ण घरी आल्यावर सवडीने वाचल्या तरी चालतील.